ताकाचं की लिंबाचं

मुद्दाम दूध फाडणारे गृहस्थ त्या काळी सबंध तंजावूर जिल्ह्यात एकच होते, आणि ते माझे मामा होते. आमच्याकडे दूध उतू गेलं तर शकुन आणि फाटलं तर अपशकुन. पोंगलला तर ते उतू जावं म्हणून सगळं घर चुलीभोवती डोळे लावून उभं असतं. अशा गावात हा माणूस चांगलं ताजं दूध उकळायला ठेवायचा, ते फाटेपर्यंत मंत्र म्हटल्यासारखा पुटपुटत बसायचा आणि फाटलं की आनंदानं मांडी थोपटायचा. मामींनी स्वयंपाकघरात या उद्योगाला कायमची बंदी घातली होती. त्यामुळे मामांचा रॉकेलचा स्टोव्ह मागच्या परसात, विहिरीपाशी असे, आणि शुक्रवारी तोही पेटवायचा नाही असा नियम होता.

मला आईवडील आठवत नाहीत. राजवाड्यामागच्या गल्लीत याच मामा-मामींनी मला वाढवलं. मामा कालव्यांच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले त्याला तीनशे वर्षं होत आली होती. मामा स्वतः मद्रासच्या उत्तरेला कधी गेले नव्हते, पण बोलताना ‘आपल्याकडें’ म्हणाले की त्यांचा हात आपोआप वायव्येकडे जायचा. महाराष्ट्रातून कुणी राजवाडा नाहीतर ग्रंथालय बघायला आलेलं दिसलं, की मामा मोपेड लावून त्याच्याबरोबर चालू लागत. बरं, विचारावं काय? तर “तुम्हांकडें दुधास वास कैसा येतो?” माणूस गोंधळून पाहत राही आणि मामा उत्तरासाठी थांबून राहत. त्यांची एकच इच्छा होती. तिकडच्या कुणीतरी एकदा म्हणावं, की तुम्ही आमचेच.

पनीरचं वेड शिरलं त्याला कारण आमच्या समोर राहणाऱ्या तमिळ टीचर. गल्लीत नुकती केबल आली होती आणि बसस्टँडजवळ ‘नॉर्थ इंडियन’ अशी पाटी लावलेलं पहिलं हॉटेल निघालं होतं. टीव्हीवर कुणीतरी पनीर करताना पाहून टीचर आमच्या ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, “सार, तुम्ही नॉर्थचे लोक. हे पनीर कसं करतात ते जरा सांगा.” मामांनी तोवर पनीर पाहिलंही नव्हतं. पण मराठी माणसाला येत नाही असं कबूल कसं करायचं? “तें ना? सांगतों. घाई करूं नये,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या हॉटेलात गेले. लाल रश्श्यातले तुकडे समोर आले. मामांनी एकेक तुकडा पाण्याच्या पेल्यात बुडवून धुतला, पंचाला पुसला आणि मग तोंडात टाकला. वेटर मॅनेजरला बोलावून घेऊन आला. “रस्सा बरा आहे,” मामांनी त्या दोघांना तमिळमध्ये समजावलं, “पण मी पनीर खायला आलोय.”

त्या दिवसापासून ते पनीरचे झाले. पापनाशमच्या अलीकडच्या एका खेड्यात कालव्यालगत बांधलेल्या गाईचंच दूध चालायचं, का, ते गाईला आणि मामांनाच ठाऊक. कचेरीच्या कामावर गेले की मोपेडला कडीचा डबा अडकवून दूध घेऊन यायचे. मग त्याचे दोन भाग. एक भाग आंबट ताकानं फाडायचा, दुसरा लिंबानं. दोन्ही वेगवेगळ्या फडक्यांत बांधून, धुऊन, वर वरवंटा ठेवून दाबायचे. तयार झाले की पांढऱ्या चौकोनी दोन वड्या. समोर ठेवल्या तर मामींच्या म्हणण्याप्रमाणे साक्षात ब्रह्मदेवालाही वेगळ्या ओळखता आल्या नसत्या. मामांच्या मते मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. ताकाचं पनीर हे घरंदाज, मऊ, सावकाश बोलणारं. लिंबाचं जरा तोऱ्यात, दाताखाली कुरकुरणारं. “दोन्ही एकच लागतें म्हणतो, त्याची जीभ सरकारजमा करावी,” असं ते म्हणत.

संध्याकाळी ओसरीवर परीक्षा असायची. टीचर, पोस्टमन, आज दूध नाही म्हणून सांगायला आलेला गवळीसुद्धा, जो सापडेल त्याच्यापुढे दोन वाट्या. “खावून सांग. ताकाचें की लिंबाचें?” आणि आम्ही सगळे बरोबर सांगायचो. गोष्ट सोपी होती. खाणाऱ्याच्या तोंडात ताकाचं पनीर गेलं की समोर बसलेल्या मामांची डावी भुवई आपसूक वर जायची. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. गल्लीत तो सगळ्यांना होता. जीभ कुणीच वापरत नव्हतं, सगळे मामांच्या कपाळाकडे बघून खात. उत्तर बरोबर आलं की मामा खुलून जायचे. “पाहिलेंस? तंजावूरची जीभ!” ते मामींना ओरडून सांगायचे. त्यांचा तो आनंद मोडावा असं कुणालाच कधी वाटलं नाही.

मग माझ्या लग्नाचं निघालं. मद्रासला एका नव्या कारखान्यात नोकरीला आलेला पुण्याचा मुलगा होता, आणि त्याची आई त्याच्याबरोबर मला बघायला तंजावूरला येणार होती. खुद्द पुण्याहून! मामा आठवडाभर जमिनीवर नव्हते. मामींनी केसरी, म्हणजे इकडचा शिरा, आणि भज्यांसारखे बोंडे ठरवले. मामा म्हणाले, “छे मा, त्यांस त्यांच्या घरचें जेवण दिसलें पाहिजे. पनीर करूं.” मामींनी कपाळावर हात मारला. “पोरीस पाहायाला येतात त्या दिवशीं घरांत दूध फाडायाचें? तुमचें डोकें आहे की घागर?” दोघांचं वाजलं. त्या दिवशी सकाळी मामा गुपचूप टीचरांच्या परसात गेले आणि तिथे त्यांनी दूध फाडलं. अपशकुन झालाच असता, तर टीचरांच्या घरी झाला असता. मला दुपारपर्यंत काही माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मी देवापुढे दिवा लावून आले, कारण फोटोतला मुलगा मला आवडला होता.

चांदीच्या दोन वाट्या. त्यांत नुसत्या वड्या, वर चिमूटभर मीठ आणि मिरपूड. मामांनी त्या मुलाच्या आईपुढे ठेवल्या आणि हात जोडून म्हणाले, “तीनशें वर्षें झालीं, पण घरचें विसरलों नाहीं.”

बाईंनी वाटीत पाहिलं. त्यांना खरंच काही उमगेना. “हे पनीर ना? अहो, हे आपलं कुठलं? हे पंजाबकडचं. आमच्या घरी कुणी करत नाही. हॉटेलात मिळतं.”

मामींनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. मामांचा चेहराच उतरला. एवढी वर्षं ज्या घराकडे हात करून ते बोलत होते, त्या घरानं दार उघडून विचारलं होतं, कोण तुम्ही?

“पंजाब?” ते अगदी हळू म्हणाले. “मग आपल्याकडें दूध फाटलें तर काय करितात?”

बाईंनी मामांकडे नीट पाहिलं. ‘आपल्याकडें’ हा शब्द त्यांना कुठेतरी लागला असावा. “आपल्याकडे,” त्या म्हणाल्या, “फाटलं तर टाकत नाहीत हो. गूळ घालून आटवतात आणि पोरांना देतात वाटीत. माझी आई द्यायची.”

“अय्यो,” मामी आतल्या दाराशी होत्या त्या बाहेरच आल्या. “तें तर मी करतें! माझी सासू करायाची. हिला विचारा, हिनें किती खाल्लें आहे.”

मी मान हलवली. मामा मामींकडे बघत राहिले. ज्या गोष्टीसाठी ते खेडोपाडी मोपेड हिंडवत होते, ती त्यांच्या नाकासमोर, बंदी असलेल्या त्या स्वयंपाकघरात शिजत आली होती. मग ते हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि डोळे नुसते हसण्यानं भरले नव्हते.

बाईंनी तेवढ्यात दोन्ही वाट्यांतली एकेक वडी खाल्ली होती, मामांच्या कपाळाकडे न बघता. “ही मऊ आहे,” त्या म्हणाल्या, “आणि ही जरा करकरीत. एकाच दुधाच्या आहेत का?”

मामा उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या जिभेनं सांगितलं होतं. “सरि, ठरलें,” ते म्हणाले, “पोरगी दिली.” मुलाला मी पसंत आहे की नाही, हे अजून कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्यानं पुण्यातच नोकरी धरली. पुण्याला आल्यावर दर रविवारी मामांचा एसटीडी बूथवरून फोन यायचा. पैसे पळत असायचे, तरी पहिला प्रश्न दुधाचाच. या ना इकडे, मी म्हणायची. “येतों, येतों. पण रित्या हातानें कैसा येऊं? पनीर दोन रात्रींच्या गाडींत टिकत नाहीं.” नुसते तुम्ही या, असं मी किती सांगितलं! बर्फाचा डबा मिळाला की येतो, ऊन कमी झालं की येतो, असं चाललं, आणि एका मार्गशीर्षात ते गेले. त्यांचं ‘आपल्याकडें’ त्यांनी कधीच पाहिलं नाही. मी रोज त्यातच राहते, आणि माझा हात बोलताना आग्नेयेकडे जातो.

आता पनीर कोपऱ्यावरच्या दुकानात पाकिटात मिळतं. तरी कधीकधी फार आठवण आली की मी गाईचं दूध आणते, दोन भाग करते, एक ताकानं फाडते, एक लिंबानं. सासूबाई असताना त्या बरोबर सांगायच्या. आता त्याही नाहीत. मुलं खातात आणि “दोन्ही सारखंच लागतं गं” म्हणून उठून जातात. मग मी एकटीच दोन वाट्या घेऊन बसते. एक वडी खाते, दुसरी खाते. मला काही म्हणता काही कळत नाही. आणि मग सवयीनं मान वर करून समोर बघते.