अळवावर टिकलेलं पाणी
रिठ्याचा वास आला की ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतली आमची गच्ची आठवते. मामेबहिणीच्या केळवणाला घरच्या अळूच्या वड्या करायचं आईनं कबूल केलं होतं, आणि पंधरा दिवस आधी गच्चीतल्या अळूच्या पानांवर माव्याची कीड पडली. बाबा रोज कडुनिंबाचं पाणी फवारायचे, पण थेंब पानावर ठरतच नसत, घरंगळून खाली पडत. शेजारच्या काकू कठड्यावरून हसत म्हणाल्या, "भाईसाहब, थोड़ा रीठे का पानी मिलाइए, पत्ते पर फैलेगा." बाबांनी रिठे उकळून मिसळले. फवारा पानभर पसरला आणि बाबा ओरडले, "अगं, टिकलं बघ!" मावा गेला. केळवणाला कुणी वड्यांचं कौतुक केलं की बाबा मध्येच रिठ्याची गोष्ट सुरू करत. वाढता वाढता आईला हसू आवरेना. तिचं ते हसू आज लिहितानाही दिसतंय.