कोलूचं बोलावणं

आमच्या लेकीला देवाने पाय दिले आणि ब्रेक द्यायचा तेवढा राहून गेला, असं मी माहेरी फोनवर सांगते. सगळे खो-खो हसतात. हसायला त्यांचं काय जातंय! सात वर्षांची घोडी झाली, तरी जेवताना एका घासाला खुर्चीवर, दुसऱ्याला खुर्चीखाली आणि तिसऱ्याला गॅलरीत. पायाला नुसती भिंगरी. डॉक्टरीणबाईंनी तपासून अतिचंचलता असं नाव सांगितलं, थेरपी लावून दिली आणि 'ती हे मुद्दाम करत नाही' असं मला पुन्हा पुन्हा बजावलं. मला पटलंही. पण पटणं वेगळं आणि सोफ्यावरून थेट टीपॉयवर उडी पडल्यावर तोंड आवरणं वेगळं. माझा तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला.

नवरा पहाटेच श्रीपेरुंबुदूरची कंपनीची बस पकडतो आणि दिवे लागल्यावर उगवतो. शाळा सुटली की उरतो मी आणि ती. अंबत्तूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिला ओळखत नाही असं कुणी नाही, आणि घरी बोलावतं असंही कुणी नाही. एका वाढदिवसाला तिने गिरक्या घेता घेता त्या घरचा टीव्ही पाडला. आम्ही भरून दिला, पण त्यानंतर बोलावणी बंद झाली ती झालीच. जिन्यातून पोरं नटूनथटून वर जाताना दिसली की ही दारात उभी राहून विचारायची, "आई, आपल्याला कधी बोलावणार गं?" मी म्हणायची, "बोलावतील की." काय सांगणार दुसरं?

आणि या नवरात्रात तळमजल्यावरची पाट्टी कुंकवाचा करंडा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. पाट्टी म्हणजे आजी. बिल्डिंगमधली सगळी पोरं तिला तेच म्हणतात. एकटीच राहते. इकडे तमिळ मुलखात नवरात्रात घरोघर कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, आणि बायकामुलींना कुंकू लावून बघायला बोलावतात. पाट्टीने मला कुंकू लावलं, मग वाकून हिलाही लावलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "तू यायचंस हं. आईला आणायचं तर आण." पोरगी त्या दिवशी तोंड धुवायला तयार नाही, कुंकू जाईल म्हणून!

मला मात्र धडकी भरली. मातीच्या बाहुल्या, त्यातल्या कितीतरी पाट्टीच्या आजीच्या वेळच्या, आणि आमची ही बया! एक जरी फुटली तरी हेही दार बंद. म्हणून मी रोज नवं निमित्त काढलं. आज सर्दी, उद्या गृहपाठ. दसऱ्याला दुपारी लेक रडून रडून लाल झाली, "मला एकटीला बोलावलंय, तू का अडवतेस?" तेव्हा माझी निमित्तं संपली.

संध्याकाळी जाताना जिन्यात तिला दम भरला. हात मागे बांधायचे. धावायचं नाही. नजरेने बघायचं, बोटांनी नाही. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि त्याच वेळी एका पायावर उड्याही मारत होती.

पाट्टीकडे पोचलो, आरास बघितली, हात मागे बांधलेले राहिले. मी जरा श्वास सोडला, आणि आठवलं की वर दूध उतू जायला ठेवून आलेय. धन्य आहे माझी! "हलायचं नाही," असं सांगून वर पळाले. गॅस बंद केला, ओटा पुसला आणि धापा टाकत खाली आले.

खोलीत पाट्टी नव्हती. मधल्या पायरीवर लाकडी नवरानवरीची जोडी असते, पाट्टीच्या लग्नातली. त्यातली नवरी आडवी पडली होती. आणि शेजारी आमची लेक, अगदी चिकटून.

माझं डोकंच फिरलं. दंडाला धरून तिला ओढलं. "पाडलीस ना! पाच मिनिटंसुद्धा नीट राहता येत नाही तुला?"

"मी पाडली नाही. मी निजवली."

"वर खोटं बोलतेस?"

माझा आवाज ऐकून पाट्टी सुंदलची, म्हणजे प्रसादाच्या उसळीची, वाटी घेऊन स्वयंपाकघरातून आली. तमिळमधलं जे एक वाक्य मला न अडखळता येतं ते मी लगेच म्हटलं, "मन्निच्चिडुंगो पाट्टी", माफ करा. इथे आल्यापासून तेच घोकतेय मी.

पाट्टी गोंधळली. मग म्हणाली, दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली निजवायची असते. तेव्हा कोलू संपतो, दुसऱ्या दिवशी आरास उतरवायची. "दरवर्षी मीच निजवते. आता माझे हात कापतात. म्हणून हिला म्हटलं, तू निजव. हिचा हात हलका आहे."

हात हलका! आमच्या या हिडिंबेचा! सात वर्षांत हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि मी, तिची आई, मी तर विचारलंसुद्धा नाही. मी तिचा दंड सोडला. चार बोटं उमटली होती. मला रडूच फुटलं, चांगलं हुंदके देऊन. "चुकले गं बाळा, माझं चुकलं," मी खाली बसून म्हणत होते.

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. खरंच हलका होता.

"आई, हळू ना," ती कुजबुजली. "आत्ताच निजलीये ती."