काळ्या कपड्यांच्या जत्रेत पाण्याची आक्का

आक्का त्या गोऱ्या पोरीशी बोलायला लागली आणि मी समजले, पोरगी मेली. त्या आवाजात आक्का फक्त मेलेल्या बायकांशी बोलायची.

"काय गं बाई, अशी का निजलीस? बघू तुझा हात. ताठ नको धरू, ढिला सोड."

समुद्राच्या कड्यावर एक जुनं चर्च होतं. त्याच्या कबरस्तानात एका आडव्या दगडावर ती पोरगी उताणी पडली होती. काळा झगा, काळे जाळीचे हातमोजे, काळे ओठ, तोंडाला पांढरी पावडर, छातीवर हातांची घडी. आजूबाजूला तशाच वेषातले पन्नासेक लोक हिंडत होते. दोघं तिचे फोटो काढत होते. तिचा मित्र बाजूला उभा राहून हसत होता. आणि माझी सत्तरीला आलेली बहीण, पांढऱ्या लुगड्यावर माझ्या जावयाचं जाकीट घालून, तिच्या उशाशी गुडघे टेकून बसली होती.

आक्का माझी थोरली बहीण. नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा आहे. आक्काचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली आणि राहिली. पहाटे शेवंती तोडायची, दुपारी हार ओवायची. वस्तीत कुठली बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला मात्र आक्कालाच बोलावणं यायचं. दुसऱ्या कुणाची छाती होत नसे. म्हणून तिचं नाव पडलं पाण्याची आक्का.

आंघोळ घालताना ती मेलेलीशी बोलायची. "शांते, जन्मभर कुणाचं ऐकलं नाय, आता तरी कुशीवर हो." "सोनाबाई, केस किती गं पिकलेत तुझे, पदराखाली दिसलेच नाय." रडणाऱ्या बायका ऐकता ऐकता रडायच्या थांबायच्या. एकदा मी म्हटलं, "अगं, तिला काय कळतंय?"

"तिला नाय कळत. मला कळतं ना? परक्या बाईच्या अंगाला न बोलता हात लावायचा का?"



कुणी मेलं म्हणून सांगितलं तर तिला ते पटायचं नाही. आधी स्वतः बघायची. खालचा ओठ ओढून हिरडी बघायची, नख दाबायची, काखेत हात घालायची. एका घरी म्हातारी गेली म्हणून मुलगे बांबू आणायला गेले होते. सगळं अंगण माणसांनी भरलेलं. आक्का आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "पाणी चुलीवरून उतरवा अन् पेज टाका. ही हाये अजून." म्हातारी पुढे चार वर्षं जगली आणि चारही वर्षं तिने सुनेला छळलं. ती सून आक्काशी कधी बोलली नाही.

लग्नाकार्यात आक्काला मागच्या पंगतीत बसवायचे. हळदीकुंकवाला तर बोलवायचेच नाहीत. मला राग यायचा. तिला नाही. ती भाताचा घास कालवत म्हणायची, "बसू दे की पुढं. पुढं बसलेल्याबी शेवटी माझ्याकडंच येणार हायेत."

माझी मुलगी मंगल नर्स झाली. आधी देवळाली कॅम्पला एका दवाखान्यात होती, मग इंग्लंडात समुद्राकाठच्या एका जुन्या गावात म्हाताऱ्यांच्या आश्रमात तिला नोकरी लागली. तिला दिवस गेले तेव्हा तिने आम्हा दोघींची तिकिटं पाठवली. तिच्या सासूचा नाशिकहून तिला फोन गेला, तुझ्या मावशीचा हात लेकराला लावू देऊ नको. मंगल म्हणाली, "मग तुम्ही या, रोज सकाळी सहाला उठून आंघोळ घाला." सासू गेली नाही. आक्काने पहिल्या दिवसापासून बाळाला न्हाऊ घातलं. बाळाला काही झालं नाही. आता तो बापापेक्षा उंच आहे.

त्या गावात सगळीकडे माशांचा वास, रस्ते अरुंद आणि चढाचे. कड्यावरच्या चर्चला जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या. तिथले लोक त्यांचं फार कौतुक सांगतात. ज्याने सप्तशृंगीचा गड चढलाय त्याला त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आम्ही गेलो त्या वर्षी थंडी सुरू होताना मंगल म्हणाली, "या आठवड्यात बाहेर पडाल तर घाबरू नका. जत्रा आहे."

जत्रा म्हणजे काय, तर लांबलांबून हजारो लोक काळे कपडे घालून, तोंडं पांढरी करून गावात येतात. कुणी खोटे सुळे लावलेले, कुणी डोक्याला शिंगं. एकाने बायकोला शवपेटीत बसवून ती चाकांवरून ढकलत आणली होती आणि बायको आइस्क्रीम खात होती. एका कुत्र्यालाही काळी झूल होती. आक्का खिडकीत उभी राहून बघत होती.

"कोण गेलं गं यांचं?"

"कुणी नाही मावशी," मंगल म्हणाली. "हौस असते त्यांना. मेल्यासारखं दिसायची."

"हौस?"

आक्का तो दिवसभर खिडकीतून हलली नाही. दुसऱ्या दिवशी बाळाची आंघोळ आटोपून ती म्हणाली, "मला जवळून बघायचंय." मंगलला सुट्टी होती. बाळाला जावयाकडे ठेवून आम्ही तिघी निघालो.

सगळ्या काळ्यांत आक्का एकटी पांढरी. दर दहा पावलांवर कुणीतरी तिचा फोटो मागायचं. ती शाळेच्या फोटोसारखी हात बांधून उभी राहायची.

"मावशी, त्यांना वाटतंय तू भूत होऊन आलीस."

"वाटू दे. वयानं जवळच हाये मी."

माणसं मात्र चांगली होती, हे सांगायला पाहिजे. पायऱ्यांवर शिंगांवाल्याने माझा हात धरून मला वर नेलं. नाकात साखळी घातलेल्या एका धिप्पाड माणसाने बाकावरून उठून आम्हाला जागा दिली. नाशिकच्या बसमध्ये मला अशी जागा कुणी दिलेली नाही.

आक्का बाकावर बसून सगळ्यांची तोंडं तपासत होती. "पावडर लय झाली. मेलेलं माणूस पांढरं कुठं असतं? मेणासारखं पिवळं पडतं. अन् डोळ्याखाली असं काळं नाय येत. यांनी बघितलेलंच नाय वाटतं कुणी मेलेलं."

"इथे घरात ठेवत नाहीत गं," मंगल म्हणाली. "गाडी येते, घेऊन जाते. धुणं-नेसवणं तीच माणसं करतात."

"घरचं कुणीच हात नाय लावत?"

"फार थोडे."

"मग हौस येणारच," आक्का म्हणाली आणि उठली.

मंगलला तिच्या आश्रमातली एक बाई भेटली म्हणून ती मागे बोलत राहिली. आम्ही दोघी कबरींमधून पुढे गेलो. तिथे ती पोरगी दगडावर पडलेली होती. आक्का थांबली. मी तिचा हात ओढला. "चल गं, नाटक आहे त्यांचं." ती हलली नाही, म्हणून मी तिला सोडून चार पावलं पुढे गेले. मागे वळले तर ती खाली बसली होती आणि पोरीशी बोलत होती.

मी मंगलला हाक मारली. ती धावत आली ती ओरडतच. "मावशी, हात लावू नकोस! इथे चालत नाही असं, पोलीस बोलावतील!" त्या मित्राचं हसू थांबलं आणि त्याने आक्काच्या खांद्याला धरलं. आक्काने त्याच्या हातावर चापट मारली. चांगली जोरात. मग तिने पोरीचा हातमोजा काढला. नखांना काळा रंग, काही दिसेना. खालचा ओठ ओढला. मग कपाळावरून बोट फिरवलं. पावडर ओली होऊन बोटाला चिकटली. आक्काने ते बोट मंगलसमोर धरलं.

"मेलेल्याला घाम येत नाय मंगल. अन् नाटक करणाऱ्याला एवढ्या गारठ्यात घाम कशाला येईल?"

मंगलचा चेहराच बदलला. ती पोरीला हलवून हाका मारायला लागली. पोरगी उठेना. हातमोजा काढलेल्या मनगटात एक बारीक साखळी होती, तिच्या पट्टीवरचं मंगलने वाचलं. "साखरेची पेशंट आहे. साखर उतरलीय हिची." तिने फोन लावला.

"पेढा हाये का कुणाकडं?" आक्काने विचारलं.

"तोंडात काही घालू नको, घशात अडकेल. कुशीवर घे आधी."

पोरीच्या अंगात कमरेपासून छातीपर्यंत नाडीने आवळलेली घट्ट चोळी होती. श्वास पुरा जात नव्हता. मंगलला गाठ सुटेना. आक्काने तिला बाजूला केलं. लुळ्या अंगावरून कपडे काढायची आक्काला चाळीस वर्षांची सवय. तिने पोरीला एका हाताने कुशीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने ती नाडी वरपासून खालपर्यंत ओढून काढली. तोंड सगळा वेळ चालूच. "हो गं बाई, कुशीवर हो. अशी. किती आवळून घेतलंस गं, कुणी सांगितलं होतं?"

पोरीच्या घशातून घरघर आवाज आला. आजूबाजूच्यांनी आपले काळे कोट काढून तिच्यावर घातले आणि वारा अडवायला कडं करून उभे राहिले. तो मित्र रडत होता. त्याच्या डोळ्यांचं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं.

दवाखान्याची गाडी मागच्या रस्त्याने वर आली. तिच्यातले दोघे उतरले आणि सगळीकडे पांढरी तोंडं बघून गोंधळले. आधी धावले ते पलीकडच्या कबरीवर आडव्या झालेल्या एका माणसाकडे. तो उठून बसला आणि त्याने आमच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पोरीला सुई दिली, गाडीत घातलं. तिने डोळे उघडले नव्हते. मंगल त्यांच्याबरोबर गेली. जाताना त्यातला एक जण तिला काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मंगलने आम्हाला सांगितलं नाही. तिच्या तोंडावरून मला कळलं, भरवसा कमी आहे.

आम्ही दोघी पायऱ्या उतरून घरी आलो. नाशिकला आक्का कुणाचं पाणी करून आली की नेसत्या लुगड्यानिशी आंघोळ करायची आणि तोवर तोंडात पाणीही घ्यायची नाही. त्या दिवशी ती न्हाणीघराच्या दारात स्टूल घेऊन बसली. आत जाईना, बाहेर येईना. बाळ तिच्याकडे बघून रडत होतं, तिने घेतलं नाही. जावयाने चहा पुढे केला.

"थांबा," आक्का म्हणाली. "आंघोळ करायची का नाय, ते कळू दे."

तीन तास ती तशी बसली. मीही काही खाल्लं नाही. त्या पोरीचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

मग मंगलचा फोन आला. पोरीने डोळे उघडले होते, आईला ओळखलं होतं.

आक्का उठली. गुडघे वाजले. "पाणी वाचलं," ती म्हणाली आणि तिने बाळाला उचललं.

दोन दिवसांनी पोरगी आमच्याकडे आली, आईला घेऊन. तोंडाला पावडर नव्हती. गाल लाल, नाकावर तांबडे ठिपके. आक्काने विचारलं, "ही कोण?" पोरीने फुलं आणली होती. आक्काने देठ बघितले. "शेवंती शिळी हाये." पोरगी आक्काचे हात धरून रडायला लागली. आक्काला ते आवडलं नाही, पण तिने हात काढून घेतले नाहीत. "हिला सांग मंगल, जेवून निजत जा म्हणावं."

आक्का त्यानंतर पाच वर्षांनी गेली, इकडे मळ्यातच, दुपारी हार ओवताना. मी वणीला देवीला गेले होते. परत येईपर्यंत सगळं उरकलं होतं. पाणी वस्तीतल्या सुनांनी घातलं. नीट घातलं असेल. मी विचारलं नाही.

मंगलने तिकडे त्या पोरीला कळवलं. ती अजून त्याच गावात असते. चाळिशीला आली आहे, दोन मुलं आहेत, कपडे अजून काळेच घालते. नाटक आहे म्हणून मी जिला दगडावर सोडून पुढे गेले होते, ती जगली.