बिनटाक्याचं दुखणं

आमच्या घरात बाईमाणसाला आराम हवा असेल तर अंगावर टाके लागतात. सिझर झालं तर सव्वा महिना, पिशवी काढली तर त्याहून जास्त. ताप, कंबरदुखी, चक्कर यांना कुणी विचारत नाही. हा नियम कुणी घातला ठाऊक नाही, पण पिंपळगाव राजाच्या आसपास बहुतेक घरांत तो चालतो, आणि बायकाच तो जास्त कडकपणे चालवतात. पूर्वी मी या नियमावर नुसती चिडायचे. आता मला त्याचा मनापासून राग आहे.

माझ्या मोठ्या जावेला मी तोंडावर ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणते. लिहिताना मात्र ‘ती’ म्हणेन, कारण मनात ती मला बहिणीसारखीच आहे. आमचं घर भाजीपाल्याचं, माल खामगावच्या बाजारात जातो. एका हिवाळ्यात तिचं डोकं दुखू लागलं. दुखलं तरी सांगायची सवय नाही, म्हणून तसंच चाललं. मग एक दिवस डाव्या डोळ्याची पापणी खाली आली ती वर जाईचना. आम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी अकोल्याला पाठवलं, आणि अकोल्यानं नागपूरला.

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. सायकलच्या ट्यूबला एखाद्या जागी येतो तसा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. अजून फुटला नव्हता, पण कधीही फुटला असता. माझे भासरे, म्हणजे तिचे यजमान, यांनी एवढंच विचारलं, “डोक्शाचं हाड कापा लागते काय?” डॉक्टर म्हणाले, गरज नाही. जांघेतल्या नसेतून बारीक नळी वर न्यायची, फुग्यात मऊ तारेचं वेटोळं भरायचं आणि तोंडाशी जाळी बसवायची. भासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही.

झाल्यावर त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. आधीच्या चित्रात तो फुगा काळा, टपोरा दिसत होता. नंतरच्या चित्रात रक्त त्याच्यात न शिरता सरळ पुढे जात होतं. मी तिथेच उभी राहून रडले. आनंदानं. निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. काही आठवडे जड उचलायचं नाही. आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, कारण नव्या जाळीवर रक्ताची गाठ धरू शकते.

दवाखान्यातून माणूस घरी आलं की गाव भेटायला येतं. बायका बिस्किटाचे पुडे घेऊन आल्या, बसल्या, चहा झाला. मग शेजारच्या काकूंनी विचारलं, “टाके किती पडले वं?”

“नाही पडले,” बाई म्हणाली.

“मंग आपरेशन कायचं झालं?”

“जांघेतून केलं म्हणतात.”

“डोक्शाचं आपरेशन अन् जांघेतून?” काकूंनी बाकीच्यांकडे पाहिलं. एकीनं पदर तोंडाला लावला. जांघेवरची खूण चार बायकांत दाखवण्यासारखी जागा नव्हती, आणि दाखवली असती तरी डास चावल्याएवढी होती. पापणीसुद्धा हळूहळू वर आली होती. तिच्या अंगावर दुखण्याचा काही पुरावाच उरला नाही.

माझ्या सासूबाईंबद्दल इथे नीट सांगितलं पाहिजे. त्या वाईट नाहीत. माझ्या सिझरनंतर त्यांनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. टाके हे त्यांना कळणारं दुखणं. पण इथे सून धडधाकट दिसत होती, लोक हसत होते, आणि मळ्यात माणसं कमी पडत होती. एक दिवस बाईला त्या म्हणाल्या, “बसून बसून अंग जड होते माय.” बाई लगेच उठली आणि हंडा घेऊन निघाली. मी मध्ये पडले, भांडले, हंडा हिसकावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग मी एक आगाऊपणा केला. औषधाच्या दुकानातून पांढरी पट्टी आणली आणि बाईच्या डोक्याला चांगले चार वेढे दिले. कुणी विचारलं तर तोंड उघडू नका, असं तिला बजावलं. काय सांगू, घरच बदललं. सासूबाईंनी तिच्या हातून झाडू घेतला. काकू गरम शिरा घेऊन आल्या आणि डोळे पुसून गेल्या. आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात तोंड दाबून हसलो. ती आजारी पडल्यापासून तेवढंच हसलो असू.

पण बाईला खोटं पचत नाही. देवापुढे दिवा लावून आली आणि तिनं पट्टी सोडायला घेतली. मी म्हटलं, “काऊन काढून राह्यल्या?”

“लोकं माह्यासाठी रडून राह्यले, अन् मी त्यायले ठगवून राह्यली. मले लाज वाटते.” तिनं पट्टी नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. “मी बरी झाली आता.”

त्यानंतर ती पहिल्यासारखी मळ्यात जाऊ लागली. गोळ्या बंद केल्याचं मला कुणी बोललं नाही, मी भांडेन म्हणून. ते मला पुढे दवाखान्यात सासूबाईंच्याच तोंडून कळलं. त्यांनी लपवलं नाही. “जखम भरली काय म्हणून पुसलं तिले. भरली म्हणे. मंग म्या म्हटलं, आता गोळ्या कायले? गरम पडतात.” टाके सुकले की औषध संपलं, हाही आमच्याकडचा नियम. माझ्या वेळीही असंच झालं होतं, आणि मला काही झालं नव्हतं. पण बाईची जखम जांघेला नव्हतीच. ती आत जिथे होती तिथलं भरलं की नाही, ते कुणाला दिसणार होतं?

एका सकाळी ती मळ्यात खाली बसली ती उठेना. उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. मी हाका मारल्या, तिनं माझ्याकडे पाहिलं, तिला काहीतरी सांगायचं होतं, पण नुसता आवाज आला. जाळीत रक्ताची गाठ धरली होती. नागपूर आमच्यापासून किती लांब आहे ते त्या दिवशी मला कळलं. डॉक्टरांनी पुन्हा जांघेतून नळी वर नेली, गाठ ओढूनही काढली, पण तोवर मेंदूचा मोठा भाग गेला होता. तो सुजला, आणि शेवटी डोकं उघडावं लागलं. काढलेलं हाड त्यांनी तिच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं.

या खेपेला ती घरी आली तेव्हा केस नव्हते, आणि टाक्यांची रांग कानापासून कपाळापर्यंत गेली होती. गाव लोटलं. एकही बाई हसली नाही. सासूबाई तेव्हापासून तिच्या खाटेजवळून हलत नाहीत. स्वतः भरवतात, स्वतः अंग पुसतात, तिला कुशीवरसुद्धा वळू देत नाहीत. मला त्यांचा संताप येतो आणि त्यांच्याकडे पाहून रडूही येतं.

व्यायाम शिकवणारी ताई खामगावहून येते. तिनं निक्षून सांगितलंय, हिला काम द्या, उजवा हात वापरायला लावा, नुसतं निजवून ठेवाल तर आहे तेही जाईल. म्हणून परवा मी तुरीच्या शेंगांचं ताट बाईच्या मांडीवर ठेवलं आणि तिची उजवी बोटं एका शेंगेवर दाबली. कितीतरी वेळानं ती शेंग फुटली आणि दाणे ताटात पडले. बाईनं माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. “तिले काऊन त्रास देऊन राह्यली? एवढे टाके पडले तिच्या डोक्शाले.” त्यांनी ताट ओढलं आणि तिच्यापुढे वाकून विचारलं, “आराम करतं ना माय?”

“हाव,” बाई म्हणाली. तिच्याकडे आता एवढा एकच शब्द उरला आहे, कशालाही ती तोच म्हणते. पण डाव्या हातानं तिनं ताटाची कड घट्ट धरली होती, आणि सासूबाई ओढत राहिल्या तरी ती सोडेना.