पोटात नागमोडी

आमच्या आत्याच्या यजमानांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय सोडली नसेल. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गेवराईत सुतारांच्या सहकारी संस्थेत ते दारं करायचे. कलिंगड वाजवायचे, बाज वाजवायचे, आणि एकदा तर मुलगी बघायला आलेल्या नवरदेवाच्या पाठीवर टिचकी मारून म्हणाले, "भरीव हाय, द्या पोरगी!" आत्या पदरात तोंड लपवून हसली, पण लग्न ठरलं.

प्लायच्या दोन पातळ फळ्यांच्या मधे जे भरतात त्याला मामा दाराचं 'पोट' म्हणत. "लाकूड किती घातलं ते कावून इचारता? कसं घातलं ते इचारा!" मधे सरळ पट्ट्या घातल्या की दार पिचकतं आणि त्याच पट्ट्या नागमोडी बसवल्या की वर हत्ती उभा करा, हे ते ताटात भाकरीचे तुकडे मांडून पटवायचे. आमचं कालवण गार व्हायचं, पण सांगणार कोण!

दुष्काळ पडला, लाकूड मिळेना. आश्रमशाळेच्या दारांचं तेवढं एकच काम उरलं होतं. तेही गेलं असतं तर संस्थेच्या सहा सुतारांना कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागलं असतं. संस्थेचे चेअरमन म्हणाले, सरळ पट्ट्या घाला, काम लवकर उरकतं. मामा पेटलेच. हेडमास्तर नमुना बघायला येणार त्या दिवशी त्यांनी सारख्याच लाकडाची दोन दारं, एक सरळ पट्ट्यांचं, एक नागमोडी, विटांवर आडवी ठेवली.

"साहेब, आधी पोट बघा," मामा म्हणाले.

चेअरमन अंगानं दांडगे. त्यांनी झटकन पोट आत ओढलं. "माझ्या पोटाचा इथं काय संबंध, मामा?"

"तुमचं न्हाई, दाराचं. पण तुमचंबी कामी येईल. बसा!"

चेअरमन तणतणत सरळ पट्ट्यांच्या दारावर बसले आणि कडाड्‌कन खाली गेले. मग दुसऱ्या दारावर ते आणि हेडमास्तर दोघांनी बसून चहा घेतला. दार हूं की चूं करेना. काम मिळालं. त्या वर्षी कुणी कोयता उचलला नाही. चेअरमन मात्र महिनाभर मामांशी बोलले नाहीत. पुढं त्यांनी घर बांधलं तेव्हा निरोप आला, "पोट नागमोडीच घाला."

शेवटी मामांना बीडला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर पाठीवर बोटानं वाजवून बघत होते.

"कसं वाजतंय, डाक्टर? पोकळ?"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामाच म्हणाले, "आवो, लाकूड सरत आलंय. पण मांडणी लई चांगली व्हती."

आजही त्या शाळेवरून जाताना मी दारावर टिचकी मारतो. शिपाई बाहेर येऊन विचारतो, "कोण पायजे?"

काय सांगू त्याला!