तुळजापूरचा घाट, बंद इंजिन आणि माझे बारा नियम

ट्रकमध्ये बसून सोलापूर ते लातूर जाऊन यायचं, ही कल्पना माझी नव्हती, आमच्या मालकांची होती. मी आपला खुर्चीत बसून नियम लिहिणारा माणूस. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं, डिझेल एकाएकी महागलेलं, आणि मी सोलापुरातल्या एका तेलगिरणीत गाड्यांचा आणि डिझेलचा क्लार्क. गिरणीचे सात ट्रक होते. तेलाचे डबे पोचवायचे आणि लातूरच्या बाजारातून भुईमुगाच्या शेंगा भरून आणायच्या, एवढं त्यांचं काम.

दिवाळीनंतर त्यातला एक ट्रक तुळजापूरच्या घाटात उलटला. ड्रायव्हर होते याकूबभाई. जीव वाचला, पण उजवा हात मोडला आणि निम्मी पोती दरीत गेली. काय झालं म्हणून विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "गाडी सुटली." मालकांच्या मते गडी झोपला असणार. मला म्हणाले, "बिराजदार, ड्रायव्हरांसाठी सुरक्षेचा काहीतरी पक्का कार्यक्रम बसवा. आणि याकूबचा अहवाल शनिवारपर्यंत द्या. तोवर त्याला कामावर घेऊ नका, आणि झोपला असेल तर कायमचा काढू." झोपेचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या ड्रायव्हरला सोलापुरात दुसरी गाडी कोण देणार? हे मला कळत होतं. पण त्या वेळी मला त्याचं फार वाईट वाटलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी सुबक अक्षरात बारा नियम लिहिले आणि मोकळा झालो. पहिला नियम: झोप येत असल्यास गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी.

मालकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्ही घाटातून ट्रकनं कधी गेलायत?"

"एसटीनं गेलोय की."

"मग आधी ट्रकनं जाऊन या. गुरुवारी सिद्रामची गाडी निघतेय, तिच्यात बसा."

घरी, शुक्रवार पेठेत, बायकोला, सुमनला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "तुम्ही? उतारावर सायकल हातात धरून चालत जाणारा माणूस ड्रायव्हरांना शिकवणार?" हसत हसतच तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदे फडक्यात बांधून दिले. तुम्हीही या वाटेनं जाणार असाल तर शिदोरी हीच न्या. दोन दिवस काही होत नाही, आणि भूक लागल्यावर तिच्यासारखं दुसरं काही लागत नाही.

सिद्राम कोळी मोहोळकडचा, चाळिशीचा, खर्जात बोलणारा गडी. आमच्या फळ्यावरचा कायमचा पहिला नंबर. या फळ्याबद्दल सांगायला हवं, कारण तोही माझाच. डिझेल महागल्यावर मी गिरणीच्या फाटकाशी एक काळा फळा लावला होता. महिनाअखेरीला सात ड्रायव्हरांची नावं, सगळ्यात कमी डिझेल जाळणारा वर, सगळ्यात जास्त जाळणारा खाली. पहिल्या नावापुढे मी रंगीत खडूनं फूल काढायचो आणि शेवटच्या नावापुढे एखादी कोपरखळी मारायचो. शेवटी बहुतेक याकूबभाईच असत. एकदा त्यांच्या नावापुढे मी "टँकर" असं लिहिलं. अख्खी गिरणी हसली. नाव असं चिकटलं की त्यांच्या मोहल्ल्यात, विजापूर वेशीतल्या चहाच्या गाड्यावरही लोक त्यांना टँकर म्हणून हाक मारायला लागले. तेही हसून घ्यायचे. मालकांनी माझी पाठ थोपटली होती, आणि मी स्वतःवर जाम खूश होतो.

गुरुवारी सकाळी सातला निघालो. मला जागा हवी म्हणून क्लीनरला सुट्टी दिलेली. ट्रकच्या केबिनमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्याला एक सल्ला: इंजिनाच्या झाकणाला पाय लावू नका. तामलवाडी यायच्या आत माझी उजवी पोटरी भाजून निघाली. रस्ता तेव्हा एकपदरी, समोरून गाडी आली की दोघांनीही एक एक चाक मातीत उतरवायचं. आता तिथं चौपदरी रस्ता झालाय, तासाभरात तुळजापूर गाठाल. पण मग दोन्ही बाजूंची ती ज्वारी, हुरड्याला आलेली, आणि मधूनच पिवळीधमक फुललेली करडई एवढ्या जवळून दिसायची नाही.

तामलवाडीला चहाला उतरलो. चार आण्यांत कपभर, वर बशीत सांडलेला वेगळा. बाकावर दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचे दोन ड्रायव्हर बसले होते.

"काय सिद्राम, आज जावईबापूंना घेऊन निगालास जनू?"

"आमच्या गिरनीतलं साहेब हायती. डिझेलचं."

दोघंही एकदम गप्प झाले. मग एकानं, यंदा थंडी लई हाय, असं काहीतरी काढलं. मला वाटलं, मोठ्या माणसासमोर मान राखतायत. मी मान ताठ करून चहा प्यालो.

घाट चढताना ट्रक इतका हळू जातो की रस्त्याकडेच्या बाभळी मोजता येतात. सिद्राम मात्र झकास चालवत होता. वळणावर हॉर्न, समोरच्याला वाट, एकदाही घाई नाही. मी वहीत लिहून घेतलं, "चालक आदर्श." वर तुळजापुरात त्यानं गाडी थांबवली, देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि पुढं निघाला. तिथून औशावरून लातूर, रस्ता सपाट आणि खड्डे भरपूर. दुपारी बाजारात पोचलो. डबे उतरवले. आडत्यानं जेवायला तुरीच्या डाळीचं घट्ट वरण आणि भाकरी दिली, तसं वरण मी आजवर दुसरीकडं खाल्लेलं नाही. मुक्काम त्याच्याच ओसरीत केला.

शुक्रवारी सकाळी शेंगांची पोती भरली. गाडी इतकी जड झाली की चाकं दबलेली माझ्यासारख्यालाही दिसत होती. दुपार कलायच्या सुमाराला परत तुळजापूर सोडलं आणि घाट लागला.

आता खरं सांगतो. तो उतार माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर प्रवास होता. सकाळपासून कानात बसलेली घरघर एकदम थांबली. खालच्या माळावर कुणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. वारं गार लागत होतं. पार लांबवर सोलापूरच्या बाजूचं सपाट रान दिसत होतं. ट्रकनं इतकं शांत जाता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. दोन वळणं मी नुसता बघत बसलो. मग डोक्यात आलं, घरघर का थांबली?

"सिद्राम, गाडी बंद पडली काय?"

"न्हाय वो साहेब." तो खुशीत हसला. "बंद केलीय. तुमचं डिझेल वाचतंय की!"

मी समोर बघितलं. ब्रेकसाठी किती हवा उरलीय ते दाखवणारा काटा होता. सिद्रामनं वळणावर ब्रेक दाबला, काटा खाली आला. परत दाबला, अजून खाली आला.

"हा खाली का येतोय?"

"विंजन बंद म्हनल्यावर हवा कुटनं भरंल? हाय तेवड्यात उतरायचं. मोजून दाबायचं, मंजी पुरतीया."

"आणि नाही पुरली तर?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचं हसू गेलं. त्यानं गेअर टाकला, क्लच सोडला, गाडीनं जोराचा गचका दिला आणि इंजिन पुन्हा घुमायला लागलं. घाट संपल्यावर एका लिंबाखाली त्यानं गाडी उभी केली. खाली उतरून मी दगडावर बसलो.

"साहेब, तुमाला खरंच ठावं नव्हतं?"

"देवाशपथ नाही."

"आमी समदी म्हनायचो, साहेबाला ठावं हाय म्हनून तर फूल काडतोय." तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "समदी जनं बंद करूनच उतरत्याती. त्याबिगर एवडं डिझेल वाचतंय व्हय?"

"याकूबभाई?"

सिद्रामनं पायाजवळचा एक खडा उचलून लांब टाकला. मग म्हणाला, "त्यो एकटा न्हाय करायचा. जड गाडी, खालच्या गेअरात, हळूहळू. वीस वर्सं तसाच उतरला. म्हनून तर त्येचं डिझेल जास्त जायाचं. मग तुमी ते टँकर लिवलं. वेशीत पोरंटोरं हाका मारायची. त्या दिशी त्यानं पयल्यांदा चावी बंद केली, साहेब. पयल्यांदाच! आमच्यावानी त्येला सवय कुटं हुती? हवा संपली."

सातांतला एकच माणूस नीट गाडी चालवत होता, आणि मी त्यालाच दर महिन्याला सगळ्यात खाली लिहीत होतो.

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर आमा समद्यांचं निगंल की. दवाखान्यात शप्पत घातली मला त्येनं. म्हनला, जातंय ते माजं एकट्याचं जाऊ दे." सिद्रामनं डोळे पुसले. "साहेब, माजं नाव लिवू नका. तीन लेकरं हायती."

तिथून घरापर्यंतचं मला फारसं आठवत नाही. सिद्राम खालच्या गेअरात चालवत होता एवढं आठवतं, गरज नव्हती तिथंसुद्धा.

घरी गेल्यावर सुमनला सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय करू मी आता?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"फळा कुणी लिहिला?"

"मी."

"मग अहवालही तुम्हीच लिहा. त्यात मला काय विचारायचं?"

शनिवारी मालकांसमोर उभा राहिलो. अहवालात ड्रायव्हरांपैकी एकाचंही नाव नव्हतं, फक्त माझं होतं. त्यांनी दोनदा वाचला. संतापानं त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

"मग काढू कुणाला?"

"मला काढा. ड्रायव्हरांनी जे केलं ते मीच फळ्यावर मागत होतो."

"गाड्या इंजिन चालू ठेवून उतरल्या तर डिझेल वाढेल."

"वाढेल, मालक."

मालक खिडकीतून आवारातल्या ट्रककडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तुम्हाला काढलं तर हे निस्तरणार कोण? याकूबला बोलावून घ्या. आणि तो फळा आजच्या आज उतरवा."

मी तसाच सायकल मारत विजापूर वेशीत गेलो. याकूबभाई दाराशी बाजेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. "आओ साहब, बैठो," म्हणाले. त्यांच्या घरातून चहा आला. मी मालकांचा निरोप दिला, माफी मागितली. ऐकून घेतलं त्यांनी, आणि मान हलवली.

"नक्को साहब."

"अहो, नोकरी परत मिळतेय!"

"मिळतीय. पण तुमी मालकांच्या खोलीत बोलले, दार लावून. टँकर तर गेटावर लिवला होता, सगळ्यांना दिसंल असा." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "तितंच बोला. मग मी येतो."

त्या माणसाचा मला तेव्हा थोडा रागही आला, लपवत नाही. नोकरी घेऊन आलेल्याला असं दारातून परत लावतात का! पण सायकलवरून घरी येईपर्यंत तो राग उरला नाही.

आता माझी ऐंशी उलटून गेली. पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन दिवसांच्या त्या प्रवासातलं काय उरलं, असं मला कधी कधी नातेवाईक विचारतात. लातूरचं वरण उरलं. घाटातली ती शांतता उरली, आणि ती आवडली होती याची लाजही. गिरणीत याकूबभाईंचा नियम उरला. त्यांचा हात पुन्हा पुरता सरळ झाला नाही, पण पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक नव्या ड्रायव्हरला ते शेजारी बसून भरल्या गाडीनं तीन वेळा घाट उतरवायला लावत, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी कुणाच्या हाती चावी दिली नाही. माझ्या बारा नियमांचा कागद मी बंबात घातला. तुम्ही तो घाट उतरणार असाल, मोटारीनं का होईना, तर इंजिन चालू आणि गेअर खालचा ठेवा. एवढंच माझ्याकडं सांगण्यासारखं आहे.

आणि त्या शनिवारनंतरच्या सोमवारची सकाळ उरली.

फाटकाशी सगळे ड्रायव्हर जमले होते. हमाल होते, तेलाचे डबे भरणाऱ्या बायका होत्या. मालक वरच्या खिडकीत उभे. रस्त्याच्या पलीकडं याकूबभाई. मी कधी चार माणसांत बोललेलो नव्हतो. तरी सांगितलं सगळं. फळा कुणी लावला, टँकर कुणी लिहिलं, ज्याला खाली लिहिलं तोच एकटा बरोबर कसा होता, आणि त्याचा हात कुणामुळं मोडला. बोलता बोलता मला रडू आलं. कुणी हसलं नाही.

याकूबभाई रस्ता ओलांडून आत आले. माझ्याकडं न बघता ड्रायव्हरांसमोर उभे राहिले.

"घाटात गाडी बंद करून कोन कोन सोडतो? हात वर करा."

कुणी हलेना. सगळ्यांचे डोळे वरच्या खिडकीकडं. मग सिद्रामनं हात वर केला. त्याच्या शेजारच्यानं केला. एक एक करत सहाही हात वर गेले. याकूबभाईंनी आपला चांगला, डावा हात वर केला.

मला ट्रक चालवता येत नव्हता. तरी मीही हात वर केला.