छान! आता पुन्हा

काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा, मान जराशी कलती करायची आणि म्हणायचं, “छान! आता पुन्हा.” आमच्या साहेबांचं हे ध्यान तुम्ही पाहायला हवं होतं. प्रयोग जमला तरी छान, फसला तरी छान. पण ‘पुन्हा’ काही चुकायचं नाही. एकदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा पिठलं-भाकरी खाऊन सवयीनं तेच बोलून गेले. बायकोनं पातेलं पुढं ओढलं. बिचाऱ्यांना पानावरून उठता उठता नाकी नऊ आले.

निजामी जाऊन फार वर्षं झाली नव्हती. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळेचा मदतनीस होतो. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि मी. साधी थुंकी तपासायची, तरी रोग्याला सोलापूर गाठावं लागे. अशात औषधांच्या एका कारखान्यानं गावोगावची माती तपासून नवं अँटिबायोटिक शोधायचं काम काढलं. त्यासोबतच नर्स आणि कंपाउंडरांना जंतू ओळखायला शिकवायचा वर्ग होता. साहेब त्या कामाचे शास्त्रीय सल्लागार. वर्षाअखेरीस वरची समिती येणार आणि वर्ग ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवणार. गुंडाळला, तर वर्गासाठी आलेली नवी यंत्रं परत जाणार आणि आमचे रोगी पुन्हा सोलापूरच्या वाटेला लागणार. मला तर या विचारानं घास गोड लागत नव्हता.

काम तसं सोपं होतं. बशीत जंतू वाढवायचे आणि वर मातीचा कण ठेवायचा. कणाभोवतीचे जंतू मेले की तिथं स्वच्छ कडं दिसतं. तसं दिसलं, तर त्या मातीत औषधी बुरशी असण्याची आशा धरायची. वाशीच्या, परंड्याच्या, कुठकुठच्या मातीवर आम्ही डोळे फोडले. कडं काही दिसेना.

मग सोनारीची माती आली. काळभैरवाच्या देवळाबाहेर झाडाखालची, पाला कुजून काळी झालेली. वर्गातल्या, वाशीच्या नर्सबाईंनी ती स्वतः काढून आणली होती. दुसऱ्या दिवशी बशी उघडतो तर काय, कणाभोवती लख्ख कडं! बाईंनी तिथंच हात जोडले. आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर पेढे सांगायला निघाले. चार दिवसांवर समिती आलेली, त्यात हे घबाड!

साहेबांनी बशी उजेडात धरली. “छान! आता पुन्हा.”

पुन्हा केलं. कडं पुन्हा आलं. आता तरी हा माणूस हसेल असं मला वाटलं. पण त्यांनी ती माती ओल्या बोटांनी चोळली, बराच वेळ बोटं न्याहाळली आणि नळाखाली जाऊन कपड्याचा साबण लावला. बोटं लालभडक झाली. हळदीच्या हाताला साबण लागला की काय होतं, हे घरात वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

“बाई,” साहेब हळूच म्हणाले, “माती काढण्याआधी काय केलं होतं?”

“हळद-कुकू वाहिलं की, साहेब. देवाच्या दारची जागा. तशीच कशी उकरायची? म्या तर चांगली मूठभर वाहिली.” बोलता बोलता बाईंचा चेहरा उतरला. “लई चुकलं व्हय?”

“हळदीनं जंतू मारले, बुरशीनं नव्हे. सापडलं ना? छान!”

मोठ्या डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेतलं. “साहेब, हा मामला समिती गेल्यावर बघू. तवर बशी तशीच दाखवा. वर्ग तर वाचंल.”

साहेबांनी बशीवर झाकण घातलं आणि ती कपाटात ठेवली. मला त्या रात्री झोप आली नाही.

समिती आली. साहेबांनी ती बशी स्वतःच पुढं केली आणि साबणासकट सगळी हकिगत सांगितली. बाई कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. समितीतले वयस्कर शास्त्रज्ञ म्हणाले, “मग वर्षभरात तुम्हाला मिळालं काय?”

“हे सगळे,” साहेब आमच्याकडे हात करून म्हणाले. “चूक लपवायची नाही, पुन्हा करून बघायचं, हे यांना आता शिकवावं लागणार नाही. उद्या रोग्यांची थुंकी यांच्याच हाती येणार आहे.”

आठवड्यानं वर्ग चालू ठेवल्याचं कळलं. पेढे तेव्हा वाटले, आणि साहेबांनी दोन खाल्ले.

हळद-कुंकू त्यांनी बंद केलं नाही. जागेपासून चार पावलं दूर वाहायचं आणि मग साबणानं हात धुवायचे, एवढाच नियम. बाईंची पूजा चाले तोवर बूट काढून ते स्वतः उन्हात उभे राहत. त्यांच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पुढं ते आजारी पडले आणि त्यातच गेले. बातमी आली तेव्हा आम्ही माती आणायला तामलवाडीला निघण्याच्या तयारीत होतो. माघारी कुणी फिरलं नाही. शेतात बाईंनी चार पावलं दूर हळद वाहिली, हात धुतले आणि बोटं उन्हात धरली. नखांच्या कडेला थोडी लाली राहिली होती. त्यांनी एक डोळा मिटला.

“छान,” त्या पुटपुटल्या. “आता पुन्हा.”

आणि साबणाची वडी परत हातात घेतली.